अक्काचं ‘अडजस्ट’

अक्का,

आप्पांचा उजवा हात गेला तेव्हा तू आठवीत होतीस आणि मी दुसरीत. कोटाच्या कापडावर ते खडूनं रेघ मारत होते. ती मध्येच वाकडी होऊन खाली उतरत गेली आणि खडू हातातून सुटला. आवाज नाही, ओरडणं नाही. चामराजपेटेतल्या आपल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत आप्पांचं शिंप्याचं दुकान, मागच्या खोलीत आपण चौघं. आठवडाभरात गिऱ्हाइकं येऊन आपापलं कापड परत घेऊन गेली. कुणी वाईट बोललं नाही, पण कापड कुणी ठेवलंही नाही. आई शेजारच्या घरी नाचणी दळायला जायची आणि थोडं पीठ घेऊन यायची. सकाळी त्याचे उकडलेले गोळे, मुद्दे, संध्याकाळी त्याचीच पातळ अंबील. मी दोन वर्षं एका परकरावर शाळेत गेले. तो वाळला नाही की त्या दिवशी शाळा नाही.

मग एक दिवस तू शाळेतून आलीस, दप्तर खुंटीला लावलंस आणि हातमशीनसमोर बसलीस. तुला कुणी बस म्हटलं नव्हतं. आप्पा भिंतीला टेकून तोंडानं सांगायचे, तू कापायचीस. “रेघेवरून जा पोरी, रेघेच्या आत नको.” ते दप्तर खुंटीवर पुष्कळ दिवस होतं. शेवटी तूच ते उसवून त्याची बाजारची पिशवी शिवलीस.

हे मी कशाला सांगते आहे? तुला तर सगळं माहीतच आहे. पण गेले बारा दिवस लोक येतात आणि म्हणतात, “फार सोसलं बाईनं.” मला ते ऐकवत नाही. तू सोसत होतीस असं तुला कुणी म्हटलं असतं तर तू हसली असतीस आणि तुझा तो शब्द काढला असतास.

तुला इंग्रजी एकच क्रियापद यायचं. अडजस्ट. आपल्या गावात ते सगळ्यांनाच येतं म्हणा. बसमध्ये कंडक्टर तिघांच्या बाकावर चौथा बसवतो आणि कानडीत म्हणतो, “स्वल्प अडजस्ट माडी.” जरा सरकून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण तुझ्या तोंडी त्याला अंतच नव्हता. नळावर शेजारणीची घागर आपल्या आधी लागली, अडजस्ट. आयत्या वेळी दोन पाहुणे आले आणि सारात तांब्याभर पाणी गेलं, अडजस्ट. शेजारच्या रेडिओची खरखर थांबवायला त्यांचा काटा तूच हलवून यायचीस आणि म्हणायचीस, “अडजस्ट केलं बघ.” लग्न होऊन सासरी गेलीस, तीन वर्षांत भावोजी क्षयानं गेले, आणि तू तान्ह्या शैलाला घेऊन परत त्याच पुढच्या खोलीत आलीस. मी तेव्हा चौदा वर्षांची. तुला कसं भेटायचं हे मला कळेना. तूच मशीनवरची धूळ पुसत म्हणालीस, “शांते, तुझं अंथरूण स्वल्प भिंतीकडं घे. अडजस्ट करू.”

त्या दिवसापासून मला त्या शब्दाचा राग आला. तो शेवटपर्यंत गेला नाही.

मी कॉलेजात गेले. आपल्या घराण्यात पहिली, गल्लीतल्या मुलींत पहिली. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, त्यात मला लाज नाही. इंग्रजी हाच विषय घेतला. आणि कोशात तो शब्द सापडला तेव्हा मला वाटलं, आता हिला पकडलं.

“अक्का, अडजस्ट म्हणजे जुळवणं. दोन्ही बाजूंनी. तू दरवेळी एकटीच काय जुळवून घेतेस?”

“मग कुणी घ्यायचं? तू? तुला सुई ओवता येत नाही.”

“मी कपड्यांचं बोलत नाहीये.”

“मी कपड्यांचंच बोलतेय. मला दुसरं काय येतं?”

“तू कमी कमी होत चालली आहेस, कळतंय का तुला?”

यावर तू दातात धरलेला दोरा तोडलास आणि म्हणालीस, “कमी कुठं ग? कापड आतच असतं.”

मला तेव्हा हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली. पण तुझं सगळं काम त्याच एका वाक्यावर चाललेलं होतं. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे शिंपी एक बोट ठेवतात. तू तीन बोटं ठेवायचीस. आप्पा कुरकुरायचे, की शिवण जाड होते, कोटाची बाजू पडत नाही नीट. तू ऐकलं नाहीस. तुझं म्हणणं, माणूस काय आज आहे तेवढाच राहणार आहे का? त्यामुळे तुझ्या हातचे कपडे फाटेपर्यंत फेकले जात नसत. पोरींची पोलकी दरवर्षी तुझ्याकडे येत, तू एक टीप उसवायचीस, एक घालायचीस, आणि पोर पुन्हा त्यात मावायची.

आणखी एक तुझी रीत होती. दुकानात कपडे चढवून बघायचा पुतळा नव्हता. मोठ्या बाईचा कुठलाही कपडा तू आधी स्वतःच्या मापावर बेतायचीस, लांब लांब धावदोरा घालून अंगावर चढवून बघायचीस, मग गिऱ्हाइकाच्या मापाचा फरक काढून पक्की टीप घालायचीस. त्यात एक घोळ होता. वर्षानुवर्षं उजव्या हातानं मशीन फिरवून आणि डाव्या हातानं कापड ओढून तुझा डावा खांदा खाली उतरला होता. त्यामुळे बेतलेल्या प्रत्येक कपड्याचा डावा खांदा आधी उतरता यायचा, आणि मग तू तो दुरुस्त करायचीस. आई म्हणायची, “आधी स्वतःला शिवते, मग लोकांना.”

आता गाऊनचं बोलायला हवं. ते टाळण्यासाठीच मी इतकं सगळं लिहिलं असावं.

माझ्या पदवीदानाला काळा गाऊन लागणार होता. बाकीच्या मुली भाड्यानं आणणार होत्या. तू म्हणालीस, “भाड्याचा? कुणाकुणाच्या घामाचा? मी बसलेय ना इथं.” दंडूतल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधल्या एका बाईनं शिलाईच्या बदल्यात दिलेलं काळं अल्पाका कापड तुझ्या ट्रंकेत होतं. मी कॉलेजातून एका गाऊनाचं चित्र काढून आणलं. ते बघून तू तीन दिवसांत बेतलास.

त्या दुपारी मी घरी आले तर तू पुढच्या खोलीत गाऊन घालून आरशासमोर उभी होतीस. दोन्ही हात पुढे बांधलेले, मान ताठ. शैला सात वर्षांची, बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. दारात दोन गिऱ्हाइकं होती आणि ती हसत होती. मला काय झालं कोण जाणे. त्यांच्यासमोर आपलं हसं होतंय असं वाटलं, की माझी वस्तू कुणी आधीच घातली याचा राग आला. मी म्हणाले, “अक्का, उतरव तो. तो शिकलेल्यांनी घालायचा असतो.”

तू लगेच उतरवलास. “माप बघत होते ग. अंगावर चढवल्याशिवाय खांदा कळत नाही.”

मी तेच खरं धरलं. धरायला सोपं होतं. तुझी रीतच होती ती, प्रत्येक कपड्याची. दुसऱ्या दिवशी गाऊन माझ्या मापाचा होऊन खुंटीवर लटकत होता आणि तू एका शब्दानं ती गोष्ट काढली नाहीस. पदवीदानाचे पास दोनच मिळाले. आप्पा आणि आई आले. तू म्हणालीस, “जा तुम्ही, मी अडजस्ट करते.” मी पदवी घेऊन परत आले तेव्हा तू कुणाच्या तरी परकराला काठ लावत होतीस. गाऊन माझ्या अंगावरच होता. तू उठून फक्त माझ्या खांद्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, “बसलाय.”

मी माफी मागितली नाही, अक्का. चौदा वर्षं मनात म्हणत राहिले, माप तर बघत होती, मागायची कशाला?

मला शाळेत नोकरी लागली. गाऊन मात्र गल्लीचा झाला. पोस्टमनची कमला बी.ए. झाली, ती अंगानं भरलेली, तू खांदे आणि दोन्ही बाजू सैल केल्यास. पुजाऱ्यांची जयम्मा झाली, ती काडी, तू आत घेतलास. जिला लागेल तिला तू देत गेलीस आणि प्रत्येकीनं परत आणून दिला. मी एकदा विचारलं, “तुला कंटाळा नाही येत एकच गाऊन उसवून शिवायचा?” तू म्हणालीस, “एकच कुठं? दरवेळी वेगळा असतो.”

मला इंग्रजी शिकवताना तू आठवायचीस. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात तोच शब्द आला. मी म्हटलं, वाक्य करा. एकीनं चष्मा जुळवला, एकीनं घड्याळ, एकीनं बसमधली जागा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मिस, लग्न झाल्यावर मुलगी अडजस्ट होते.” सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मी ते वाक्य फळ्यावरही लिहिलं नाही. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालीस, “बरोबर आहे की पोरीचं. मुलगा पण होतो म्हणून सांगायचंस, संपलं.”

मी जयनगरला घर घेतलं, नवीन वस्ती, रुंद रस्ते, पुढं अंगण. तुला, आईला, शैलाला तिथं न्यायचं माझ्या मनानं कधीच ठरवलं होतं. तू येईनास. “तिथं गिऱ्हाईक कुठं?” “गिऱ्हाईक हवं कशाला? मी मिळवते ना.” “तू मिळवतेस ग. पण मी काय करू दिवसभर, तुझ्या अंगणात बसून?” दर रविवारी हाच वाद. शेवटच्या रविवारी मी आलेली कॉफी तशीच ठेवून उठले. म्हणाले, “बस मग याच खोलीत अडजस्ट करत.” तू दारापर्यंत आलीस. “सरी, सरी, बरं. रागावून जाऊ नकोस, बघू नंतर.”

नंतर चार दिवसांनी शैला शाळेत मला बोलवायला आली.

तू दुपारी काम करत होतीस. शैला बी.एस्सी.ला पास झालेली, पदवीदान जवळ आलेलं, ती माझ्याहून वीतभर उंच आणि खांद्यानं रुंद. तू गाऊनचे दोन्ही खांदे आणि खालची दुमड उसवून ठेवलीस, छातीत कळ येतेय म्हणून स्वल्प आडवी झालीस, आणि उठली नाहीस. मी आले तेव्हा तो गाऊन मशीनवर तसाच सुटा पडलेला होता. सुईत दोरा ओवलेला होता.

पदवीदान नवव्या दिवशी येत होतं. आणि आपल्यात रीत अशी, की ज्याच्या हातचं मशीन तो गेला की तेरा दिवस मशीनवर पांढरं फडकं. कुणी हात लावायचा नाही. आप्पा गेले तेव्हा तूच ते घातलं होतंस. शैलानं तर विषयच संपवून टाकला. “मावशी, मी नाही जात. पदवी पुढच्या वर्षी टपालानं मागवू.” दोन बिऱ्हाडं पलीकडचा टेलर चांगला माणूस. तो म्हणाला, “द्या अक्काचं काम, तासाभरात करतो.” मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते मलाच सांगता येईना. तू अर्धं सोडलेलं काम दुसऱ्याच्या मशीनवर जाऊ नये, एवढंच वाटत होतं. आणि ते झालं नाही, तर तुझ्या लेकीचा दिवस जाणार हेही दिसत होतं.

आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. आप्पा बसायचे तिथंच. ती म्हणाली, “मशीनला शिवायचं नाही. सुईला कोण नको म्हणतंय? हातानं शिव. अडजस्ट कर.”

“आई, तू पण?”

“माझा नाही तो शब्द. तिचा. तिला कुठं मिळाला माहितेय तुला?”

मी म्हटलं, कंडक्टरकडून, आणखी कुठून. आई म्हणाली, नाही. तू मशीनवर बसल्यावर महिन्याभरात दंडूतल्या एका मडमेनं तुला फ्रॉक शिवायला दिला होता. तू तो रेघेवरून कापलास, अगदी आप्पांनी सांगितल्यासारखा, माया न ठेवता. तो तिच्या अंगात जाईना. नवीन कापड होतं, आणि भरून द्यायला आपल्या घरात काही नव्हतं. तू दारात उभी राहून रडायला लागलीस. ती बाई खाली बसली, तुझे डोळे पुसले, म्हणाली, डोन्ट क्राय, अडजस्ट. मग तिनंच फ्रॉकच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाची पट्टी घालायला सांगितली आणि तो घालून पुढच्या रविवारी चर्चला गेली.

“त्या दिवसापासून तीन बोटं,” आई म्हणाली. “आणि त्या दिवसापासून तो शब्द.”

अक्का, वीस वर्षं मी तुझ्याशी त्या शब्दावरून भांडले. मला वाटायचं, तू त्याचा अर्थ धरतेस की आपण गप्प बसायचं. तुझ्यासाठी त्याचा अर्थ होता, चुकलं तरी फेकायचं नाही. तू मला हे सांगितलं का नाहीस? की सांगत होतीस आणि मी कोश उघडून बसले होते?

मी खिडकीत बसले. सुई ओवायला मला शैलाची मदत लागली. तुझ्यासारखी दातात दोरा धरून तिनं तो ओवला. उसवलेल्या खांद्यांची घडी मी उलगडली. वरचं कापड इतक्या वर्षांत तांबूस झालेलं, आणि आतली तीन बोटं अजून काळीभोर. त्यावर जुन्या टिपांच्या रेघा होत्या. भोकं बारीक, ओळीनं. ही कमलाची, ही जयम्माची, ही माझी. सगळ्यांत जुनी रेघ माझ्या रेघेच्याही आधीची होती. उजवीकडे सरळ. डावीकडे उतरती.

धावदोरा भोकं ठेवत नाही, अक्का. एवढं तर मलाही कळतं. ती पक्की टीप होती. मशीनची, बारीक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तू माप बघत नव्हतीस. तू तो गाऊन आधी पुरता स्वतःला शिवला होतास.

मी शैलाला विचारलं, “तुला आठवतं का, आईनं हा घातला होता?”

“आठवतं की. मला विचारलं होतं तिनं, कशी दिसते म्हणून.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मास्तरीण दिसतेस म्हटलं. एवढी हसली ती. मग तू आलीस.”

मग मी आले.

मी ती रेघ बोटानं चाचपली. नंतर मी शिवायला घेतलं. दोन दुपारी लागल्या. माझे टाके कुठं मोठे, कुठं लहान, एका ठिकाणी तर दोनदा उसवले. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, “शांते, उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय.” तुझी ती पहिली रेघ मी आतच ठेवली. कातरी लावली नाही. शैलाच्या खांद्यालाही एक बोट शिल्लक राहिलं.

नवव्या दिवशी आम्ही गेलो. गल्लीतल्या दोघीतिघी म्हणाल्या, सुतकात? आई म्हणाली, “तिच्या आईनंच पाठवलंय.” पास याही वेळी दोनच. आई येणार नव्हती. मी हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. ती खुर्ची तुझी होती. चौदा वर्षांपूर्वी मिळायला हवी होती ती.

सुरू व्हायच्या जरा आधी एक बाई बाजूला येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती, हातात एका मुलाचा कोट होता, चेहरा घामेजलेला. दारावरच्या माणसानं तिला कसं सोडलं होतं कोण जाणे. खुर्चीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “अक्का, स्वल्प अडजस्ट माडी.”

मी पिशवी मांडीवर घेतली.

ती बसली. तिचा मुलगा आमच्या शैलाच्या आधी गेला आणि ती इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागली, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग शैलाचं नाव आलं. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या बाईनंही वाजवल्या, तुला न ओळखता.

उद्या तेरावा. मशीनवरचं फडकं निघेल. मशीन जयनगरला न्यायचं की इथंच ठेवायचं, यावर शैलाचा आणि माझा वाद सुरू झालेला आहे. ती म्हणते, इथंच. तुझ्यासारखी म्हणते.

तुझी शैला बी.एस्सी. झाली, अक्का. गाऊन खांद्यावर नीट बसला होता.